सेंटरच्या जुन्या मशीनवर लिनक्स मिंट 22: ‘मिटिगेशन्स’ चालू ठेवून वापरल्यानंतर

दर्यापूर तालुक्यात आमचं ऑनलाईन सेंटर आहे. सातबारा, पीक विमा, फार्मर आयडी, निराधारचे फॉर्म. मशीन सेकंडहँड, चौथ्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह. खरिपाच्या गर्दीपासून त्यावर लिनक्स मिंट 22 ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे.

मिंट दिसतं कसं, चालतं कसं, हे बऱ्याच जणांनी लिहिलंय. मी एकाच गोष्टीवर बोलतो. यूट्यूबवर सर्रास सांगतात, ग्रबमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) ‘मिटिगेशन्स=ऑफ’ टाका, म्हणजे चिपमधल्या सुरक्षेच्या भोकांवरचे बंदोबस्त बंद होतात आणि जुनी मशीन पळते. मी टाकलं नाही. जिथे दिवसभर गावाचे आधार आणि पासबुकं उघडतात, तिथे ते टाकूच नये.

जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन हे चिपमधलं भोक उघड झालं. रूट (सगळे अधिकार) नसलेला साधा प्रोग्रामही इंटेल चिपच्या घाईचा, म्हणजे परवानगी तपासून होण्याआधीच पुढचं काम करून ठेवण्याचा, फायदा घेऊन कर्नलची (सिस्टीमच्या गाभ्याची) मेमरी वाचू शकत होता. चिप नंतर ‘परवानगी नाही’ म्हणते खरी, पण तोवर कॅशमध्ये (चिपमधल्या जलद मेमरीत) खूण उमटलेली असते. कुठली जागा लवकर वाचली जाते याचा वेळ मोजला की बाइट कळतो. आणि कर्नलच्या मॅपमध्ये जवळपास सगळी रॅम असते, म्हणजे दुसऱ्या खिडकीतलं कुणाचं आधारही त्यात आलं. उपाय केपीटीआय: प्रोग्राम चालू असताना त्याच्या पेज टेबलमध्ये (मेमरीच्या नकाशात) कर्नल जवळजवळ ठेवतच नाहीत. दर सिस्टीम कॉलला, म्हणजे प्रोग्राम कर्नलकडे काम मागतो तेव्हा, टेबल बदलतं, वेग जातो तो तिथे. पण या चिपमध्ये पीसीआयडी (कुठली नोंद कुठल्या टेबलची हे ओळखायची खूण) आहे, त्यामुळे दरवेळी टीएलबी (पत्त्यांच्या नोंदींची कॅश) पुसावा लागत नाही. आमच्या कामात फरक जाणवला नाही. फॉर्म अडतो तो ओटीपीपाशी, नाहीतर लाईन गेली म्हणून.

कटकट एकच. डीमेसेज, म्हणजे जोडलेलं यंत्र दिसतं का तेही सांगणारा कर्नलचा लॉग, सुडोशिवाय (अ‍ॅडमिनच्या अधिकाराशिवाय) दिसत नाही, मिंट ज्यावर बनतं त्या उबंटूने 20.10 पासून तसं केलं, तेच मिंटमध्ये आलं. सेंटरवरच्या पोट्ट्याला पासवर्ड दिलेला नाही, मग मला फोन: “दादा, थंब मशीन दिसून नाही राहिली!” वैताग येतो. पण त्या लॉगमधून कर्नलचे पत्ते फुटू शकतात, आणि एक पत्ता हाती लागला की केएएसएलआरने मशीन सुरू होताना दरवेळी कर्नलची जागा बदलून ठेवल्याचा उपयोग संपला. राहू दे बंदच.

टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही चिपची माहिती देणारी कमांड मारून बघा. माझ्याकडे मेल्टडाउनसमोर ‘मिटिगेशन: पीटीआय’ (तेच केपीटीआय) येतं, पण ‘एमएमआयओ स्टेल डेटा’ या दुसऱ्या भोकासमोर ‘अननोन: नो मिटिगेशन्स’. चिप जुनी, तिची स्थितीच कर्नलला ठाऊक नाही. मशीन बदलायचा विचार आहे, पण 2023 मधल्या डाउनफॉल या इंटेलच्या आणखी एका भोकाच्या यादीत सहावी ते अकरावी पिढी आहे, आणि अमरावतीत माझ्या बजेटमध्ये दाखवतात त्या नेमक्या सहावी-आठवीच्याच.