जुन्या लाइटवेट सायकलची पारख: सांगलीच्या गणपती पेठेतलं एक दुकान

सायकल दुरुस्तीचं साधं, अरुंद दुकान. पंक्चर, आउट काढणं, ओव्हरऑइलिंग ही रोजची कामं चालूच असतात. पण जुन्या इंग्लिश, फ्रेंच, इटालियन लाइटवेट (हलक्या चौकटीच्या, वेगासाठी बनवलेल्या) सायकलीवरचा कोणता पार्ट मूळचा आणि कोणता मागाहून चढवलेला, हे तपासून सांगायचं काम इथले मिस्त्री वेगळी फी घेऊन करतात. फी आधी ठरते आणि सायकलच्या किमतीशी तिचा संबंध नसतो, त्यामुळे माल फुगवून सांगण्यात त्यांना काही मिळत नाही. तपासणीसाठी सायकल इथं बिनधास्त न्यावी. रंग आणि पॉलिशसाठी नेऊ नये. ते पुढे येईलच.

पहिली जमेची बाजू म्हणजे हेडवरचा बिल्ला आणि नळ्यांवरची अक्षरं मिस्त्री सगळ्यात शेवटी बघतात. आपल्याकडे नावावर जाणारा हमखास फसतो. रॅले नॉटिंगहॅमची असते तशी आसनसोलच्या सेन-रॅलेचीही असते. हर्क्युलस, फिलिप्स आणि बीएसए बर्मिंगहॅमच्या, तशाच मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सने बनवलेल्याही. ‘रेनॉल्ड्स 531’ या नावाजलेल्या इंग्लिश पोलादी नळीचं स्टिकर तर आज नवं कोरं छापून मिळतं. म्हणून आधी सीटपोस्ट (सीटची दांडी) काढून व्हर्निअर लावायचा. इंग्लिश मापाच्या 531 डबल बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ नळीच्या) चौकटीत तो बहुधा 27.2 मिमीचा असतो. साध्या जाड नळीच्या चौकटीत बराच बारीक. आता 25.4चा पोस्ट निघाला आणि बाहेर 531 लिहिलेलं असलं, तर त्या स्टिकरचे पैसे मोजायचं कारण नाही. उलट 27.2 निघाला म्हणून लगेच खूशही व्हायचं नाही, कारण तेच माप दुसऱ्या चांगल्या नळ्यांनाही असतं.

खरी हुशारी दिसते ती बीबी, म्हणजे क्रँकचा एक्सल फिरतो ती चौकटीतली बेअरिंगची जागा, उघडताना. नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या बीबीला इंचात 26 आटे असतात, इतर इंग्लिश सायकलींना 24. व्यास जवळपास तोच, त्यामुळे 24 आट्यांची कटोरी (बेअरिंगचा कप) 26च्या चौकटीत पहिले एक-दोन वेढे जाते, मग अडते. अशा वेळी लांब पाना लावून जोर काढला की चौकटीचे आटे गेलेच. इटालियन बीबी 36 मिमीची, रुंदी 70, दोन्ही कटोऱ्या उजव्या आट्याच्या. इंग्लिशमध्ये चेनकडची कटोरी उलट्या आट्याची. फ्रेंच 35 मिमी, आट्यांमधलं अंतर 1 मिमी, आणि तिथंही सहसा दोन्ही बाजू उजव्या. मिस्त्री आटे मोजायच्या पात्या लावून बघतात, कागदावर आकडा लिहितात आणि मगच पाना हातात घेतात. एवढ्या एका सवयीसाठीसुद्धा फी वसूल आहे.

हबबाबतही तेच. स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीच्या एडब्ल्यू या तीन गिअरच्या हबवर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो: 57 आणि 3 असेल तर मार्च 1957. एडब्ल्यू 1936 पासूनचा, भरपूर निघालेला, त्याला दुर्मिळ म्हणणारा विक्रेता एक तर अजाण किंवा फार जाण असलेला. दुर्मिळ म्हणजे एएससी, फिक्स्ड व्हीलवर (चाक फिरतंय तोवर पायंडलही फिरतंच, अशा चाकावर) तीन गिअर देणारा. त्या अक्षरांसाठी तेलकट हबवरची घाण रॉकेलच्या फडक्याने पुसावी, वायर ब्रशने नाही. आणि तारीख हबची असते, सायकलची नव्हे. चाकं बदललेली असू शकतात. म्हणून इथं हबचं वर्ष, चौकटीचा नंबर आणि ब्रेकची बनावट एकमेकांशी जुळवून बघतात. ‘हिड्युमिनियम’ ठोकलेले जीबी कंपनीचे ब्रेक असले तर लोहचुंबक धरून खात्री करतात, कारण ते अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. चुंबक चिकटला तर काहीतरी गडबड आहे.

कॅम्पान्योलोच्या न्यूओव्हो रेकॉर्ड मागच्या डिरेलरवर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या पार्टवर) ‘पेटंट’ या शब्दापुढे दोन आकडी वर्ष असतं. 72 दिसलं आणि बाकी सायकल 1960 च्या आसपासची असली, तर डिरेलर अस्सल आहे, पण त्या सायकलचा नाही. हा फरक विकणारे सांगत नाहीत. मिस्त्री पावतीवर ‘अस्सल’ आणि ‘मूळचा’ असे दोन वेगळे रकाने आखतात.

सांगलीत आणखी एक भानगड असते, पुराची. 2005, 2019 किंवा 2021 च्या पुरात बुडालेली सायकल बाहेरून धुऊन चकचकीत केलेली असते, पण हबमध्ये आणि नळ्यांत कृष्णेचा गाळ बसलेला. बारीक गाळ तेलात मिसळला की एडब्ल्यूची पॉल (आतली खिटी) जागेवर चिकटते आणि पायंडल मोकळं फिरतं. विक्रेता म्हणतो, केबल सैल आहे. ते खरंही असू शकतं. आधी गिअर मधल्यावर ठेवून उजव्या नटाच्या खिडकीतून बघायचं: आतल्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर आला पाहिजे. तो आला तरी घसरतंय म्हणजे दोष आत. मिस्त्री बीबी काढल्यावर चौकट उलटी करून थोपटतात, खाली वाळलेला गाळ पडला की पुढचं बोलणं भावाचं.

पुढच्या चाकात डायनोहब (दिव्यासाठी वीज तयार करणारा हब) असेल तर आधीच सांगून ठेवा. त्यातला चुंबक लोखंडी कडं न लावता आर्मेचरवरून (आतल्या तारेच्या गुंडाळीवरून) बाजूला काढला की त्याचा जोर कमी होतो आणि दिवा कायमचा मंद. इथं ते माहीत आहे, पण कडं नेहमी हाताशी नसतं. स्ट्राँगलाइट 49डी क्रँक ओढून काढायचा पुलरही नाही. नेहमीचा 22 मिमीचा पुलर त्यात सैल बसतो, त्याला 23.35 लागतो. जबरदस्ती केली तर क्रँकचे आटे उपटून येतात आणि असा क्रँक पुन्हा सहज मिळत नाही. मिस्त्री ‘नाही जमणार’ म्हणतात. हे चांगलंच, फक्त फोनवर विचारून गेलात तर चक्कर वाचेल.

आता तक्रार. तपासणीत इतके काटेकोर असलेले हेच लोक सायकल ठेवून घेताना ‘बफिंग मारून देऊ का?’ विचारतात, आणि गिऱ्हाईक हो म्हणतं. माल कुपवाडच्या एमआयडीसीत जातो. बफिंगच्या चाकाखाली पहिल्यांदा जातात ते ठोकलेले आकडे, म्हणजे तेच ज्यांच्यासाठी फी दिली. प्लेटिंगआधी अ‍ॅल्युमिनियमचा पार्ट चुकून कॉस्टिकच्या टाकीत पडला तर त्याचा अ‍ॅनोडाइज थर उतरतोच. मूळ निकेलची पिवळसर झाक जाऊन निळसर क्रोम आलं तर सायकल दिसते छान, पण जाणकार निम्मा भाव देतो. ब्रूक्सच्या चामड्याच्या सीटला तेलात बुडवून ‘मऊ करून देण्याची’ सेवाही नाकारा. तेल जास्त झालं की चामडं खोलगट होऊन बसतं, मग नट आवळूनही सरळ होत नाही.

म्हणून पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा: फक्त तपासणी, बफिंग नाही, रंग नाही, काढलेला प्रत्येक पार्ट वायसरसकट पिशवीत परत.