'शेकिन ऑल ओव्हर': कॅनेडियन प्रत की अमेरिकन?

कॅनडातील विनिपेगच्या चॅड ॲलन अँड द एक्स्प्रेशन्स या वाद्यवृंदाची ही 1965 ची सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी तबकडी) मिळवू पाहणाऱ्यासमोर दोन वाटा असतात: कॅनडातील क्वालिटी कंपनीची प्रत आणि अमेरिकेतील सेप्टर कंपनीची प्रत. माझा कौल निःसंशय पहिलीकडे आहे. क्वालिटीने रेडिओ केंद्रांना पाठवलेल्या तबकड्यांवर वाद्यवृंदाचे खरे नाव न छापता केवळ 'गेस हू?' ('ओळखा पाहू कोण?') असा प्रश्न छापला, कारण कॅनेडियन कलाकार म्हटले की निवेदक गाणे वाजवायला नाखूष असत; हा प्रश्नच पुढे वाद्यवृंदाचे कायमचे नाव झाला. जॉनी किडच्या 1960 च्या ब्रिटिश गाण्याची ही आवृत्ती कॅनडात पहिल्या क्रमांकावर गेली, अमेरिकेत मात्र 22 व्या क्रमांकावर थांबली.

सेप्टरची प्रत त्या सीमापार यशाची खूण म्हणून जवळ ठेवण्याजोगी आहे. मात्र त्या काळात अनेक अमेरिकन सिंगल्स व्हिनाइलऐवजी पॉलिस्टायरीनच्या बनत आणि जड सुईने पॉलिस्टायरीनच्या खाचा लवकर झिजतात, म्हणून नुसत्या चकाकीवर न जाता प्रत ऐकूनच घ्यावी. एकच घेणे शक्य असेल, तर थोडे ओरखडे असलेली क्वालिटीची प्रत मी आधी घेईन.