पीसी तळघरात, वरच्या मजल्यावर की भिंतीपलीकडे? बडोद्यातल्या घरांसाठी तुलना

टेबलाखालचा पीसी दुसरीकडे हलवायचा आणि टेबलावर फक्त मॉनिटर, कीबोर्ड, माऊस ठेवायचे, असा विचार बरेच जण करतात. कुणी घरी गाणं किंवा कथन रेकॉर्ड करतं, कुणी व्हिडिओ एडिट करतं, कुणाकडे दोन पीसी आणि फोटोंचा एनएएस (घरच्या नेटवर्कला जोडलेला साठवणुकीचा डबा) दिवसरात्र चालू असतो. त्रास दोनच, आवाज आणि उष्णता. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना ५०० वॉट खाणारा पीसी म्हणजे खोलीत ठेवलेला अर्ध्या किलोवॉटचा हीटर. खाल्लेली सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. एक टनाचा एसी ताशी साधारण साडेतीन किलोवॉट-तास उष्णता बाहेर काढतो. त्याच्या ताकदीचा सातवा हिस्सा एकट्या पीसीवर खर्च होतो.

नवा बंगला किंवा डुप्लेक्स बांधणाऱ्यांच्या डोक्यात पहिलं नाव येतं तळघराचं. माझं मत आधीच सांगतो: मशीन खोलीबाहेर काढा, जरूर काढा, पण बडोद्यात तळघरात नेऊ नका.

तळघर: थंड, शांत आणि पाण्याच्या वाटेत

तळघराच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. जमिनीखाली काही फुटांवर तापमान वर्षभर फारसं हलत नाही, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिथे गारवा असतो. पंख्यांचा आवाज स्लॅबच्या वर येत नाही. रॅक ठेवायला जागा असते, आणि तळमजल्यावरच्या टेबलापर्यंत केबलची वाट दहा-बारा मीटरमध्ये बसते. दुसऱ्या एखाद्या शहरात मी हाच सल्ला दिला असता.

पण इथे विश्वामित्री नदी आहे. ३१ जुलै २०१९ला शहरात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता. ऑगस्ट २०२४मध्ये जन्माष्टमीच्या सुमाराला आलेला पूर तर सगळ्यांना आठवतो. अकोटा, समा, फतेगंज, सयाजीगंज, कुठे कुठे पाणी शिरलं ते सांगायची गरज नाही. ‘आमचं घर नदीपासून लांब आहे’ हे उत्तर मला पटत नाही, कारण तळघरात पाणी यायला नदी दारात यावी लागत नाही. नदीची पातळी चढली की पावसाळी गटारांचं आणि कांसांचं (उघड्या नाल्यांचं) पाणी नदीत उतरू शकत नाही, उलट मागे फिरतं आणि सगळ्यात खालच्या जाळीतून वर येतं. घरातली सगळ्यात खालची जाळी तळघरातच असते. शिवाय जमीन पाण्याने भरली की भिंतीच्या सांध्यांतून झिरपणं सुरू होतं ते वेगळंच.

‘पंप बसवू की’ असं कंत्राटदार म्हणेल. पूर आला की सुरक्षेसाठी आधी वीज बंद करतात, म्हणजे पंपाची खरी गरज असते त्याच वेळी पंप बंद. तो इन्व्हर्टरवर घेतला तरी प्रश्न उरतो, कारण बहुतेक घरांत इन्व्हर्टर आणि बॅटरी जिन्याखाली, म्हणजे त्याच पाण्याच्या पातळीत असतात. रॅक दोन फूट उंच ओट्यावर ठेवणं हाही अर्धाच उपाय. भरायला लागलेलं तळघर दोन फुटांवर थांबत नाही.

पाणी आलंच नाही असं धरलं तरी दमट हवा असते. जुलै-ऑगस्टची ओलसर हवा गार भिंतीला लागली की भिंतीला घाम येतो. चालू मशीन स्वतःच्या उष्णतेने कोरडं राहतं, पण पावसाळ्यातल्या सुट्टीत आठ दिवस बंद ठेवलेल्या मशीनच्या कनेक्टरवर आणि पॉवर सप्लायमध्ये ओल बसते. म्हणजे डीह्युमिडिफायर आला, त्याचं पाणी काढायची सोय आली, आणि त्याचं वीजबिलही आलं.

भिंतीपलीकडे: सगळ्यात कमी खर्च

आवाज थांबवायला अंतर लागत नाही, भिंत लागते. दोन्ही बाजूंनी प्लॅस्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबल आवाज अडवते, आणि पीसीचे पंखे तेवढा आवाज सहसा करतही नाहीत. टेबल भिंतीला लावून आहे आणि पलीकडे पॅसेज, कपाटाची खोली किंवा अडगळ आहे, तर मशीन तिथे ठेवा. अट एकच: केबलसाठी पाडलेलं भोक फोम आणि पुट्टीने नीट बुजवा. दाराखालची फट आणि हे भोक, आवाज येतो तो इथूनच.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांना मी हाच पर्याय सांगतो. कारण ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक पीसीला जोडणारा डबा. साध्या यूएसबी २.० केबलची मर्यादा ५ मीटर आहे आणि भिंतीपलीकडच्या मशीनपर्यंत ती आरामात पोचते. मध्ये एक्स्टेंडर (केबलची लांबी वाढवणारा डबा) घातला की कीबोर्ड-माऊस बिनतक्रार चालतात, पण आवाजाचा सलग प्रवाह मध्येच तडतडण्याची शक्यता वाढते. तानपुऱ्याच्या षड्जाखाली पंख्याची घरघर नको म्हणून एवढा खटाटोप करायचा आणि मग रेकॉर्डिंगमध्ये तडतड यायची, हे चालणार नाही.

वरचा मजला: खरी सर्व्हर रूम करायची तर इथे

मशीन दोन-तीन असतील, रॅक असेल, तर पहिल्या मजल्यावरची छोटी खोली घ्या. शक्यतो उत्तरेकडची, आणि गच्चीच्या स्लॅबखालची नको. गच्चीवर चायना मोझॅक (फरशीच्या पांढऱ्या तुकड्यांचा थर) असेल तर ऊन बरंच परतवलं जातं, तरी मे महिन्यात तो स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. वर अजून एक मजला असेल तर उत्तम. खालून हवा आत घ्यायला जाळी आणि फिल्टर, वर एक्झॉस्ट पंखा, एवढ्यावर वर्षातले बरेचसे महिने निघतात. एप्रिल ते जूनमध्ये दुपारी भार जास्त असेल तर एसी लागेल. तळघराच्या तुलनेत हा खर्च जास्त आहे, हे मान्य. पण तो ठरलेला आणि दरवर्षीचा खर्च आहे, एका रात्रीत सगळा रॅक नेणारा नाही.

एनएएसला तर मॉनिटर लागतच नाही. त्याला वीज आणि एक नेटवर्क केबल पुरते आणि ती १०० मीटरपर्यंत चालते. तेव्हा पीसी भिंतीपलीकडे आणि एनएएस वर, अशी वाटणी बहुतेक घरांत जमून जाते. घरातले सगळे जुने फोटो त्यावर असतात, निदान तो तरी उंचावर असू द्या.

केबलचं गणित

४के मॉनिटर ६० हर्ट्झवर चालवायला सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट चित्राचा डेटा लागतो. तांब्याची चांगली एचडीएमआय केबल ५ मीटरपर्यंत हा भार भरवशाने ओढते, त्यापुढे पडदा मधूनच काळा होऊ लागतो. दहा मीटर आणि वर गेलात की ऑप्टिकल (तांब्याऐवजी प्रकाशातून डेटा नेणारी) एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट केबल घ्या. तिला दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येत नाही आणि पूर्ण केबल परत काढावी लागते. म्हणून पाइपात घालण्याआधी जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं जोडून, चित्र बघून घ्या.

एचडीबेसटी हे तंत्र, दोन टोकांना दोन डबे लावून, साध्या कॅट-६ नेटवर्क केबलवरून १०० मीटरपर्यंत चित्र नेतं. प्रोजेक्टर किंवा टीव्हीसाठी ते ठीक. रंगांचं काम करायचं असेल तर स्वस्त डबा चित्राचा डेटा दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवतो का, हे आधी तपासा. मॅकवाल्यांसाठी थंडरबोल्टच्या (मॅकच्या वेगवान पोर्टच्या) लांब ऑप्टिकल केबल मिळतात, पण महाग असतात आणि वीज वाहत नाहीत.

कीबोर्ड-माऊससाठी कॅट-६वरचा यूएसबी एक्स्टेंडर चालतो आणि टेबलावर स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब ठेवायचा. वायरलेस माऊसचा डोंगल याच हबमध्ये लावा, मशीनमागे लावलात तर सिग्नल भिंत ओलांडणार नाही. राहिलं ते चालू करायचं बटण. पीसीचं पॉवर बटण म्हणजे मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर जोडणं, बाकी काही नाही. एक जादा कॅट-६ ओढली तर तिच्यातल्या दोन तारा टेबलाजवळच्या घंटीच्या साध्या बटणाला जोडता येतात. दाबलं की वर मशीन सुरू. ही केबल विजेच्या वायरींच्या पाइपातून नेऊ नका.

केबल ओढण्याऐवजी नेटवर्कवरून पडदा बघण्याचा मार्गही आहे, सनशाइन आणि मूनलाइट ही सॉफ्टवेअर वापरून. ऑफिसचं काम आणि गेम यांना तो पुरतो. एडिटिंगला आणि वाद्य वाजवून रेकॉर्ड करणाऱ्याला मी तो देणार नाही, कारण चित्राचा डेटा दाबला जातो आणि हातातला स्वर थोडा उशिरा येतो.

काहीच हलवायचं नसेल तर पंखे बदलून बघा. पंख्याची गती निम्मी केली की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. हवाही निम्मी होते, म्हणून छोट्या पंख्यांच्या जागी १४० मिलिमीटरचे मोठे पंखे बसवावे लागतात. एकच मशीन आणि भाड्याचा फ्लॅट, तर एवढंच करा. उष्णता मात्र खोलीतच राहील.

बांधकाम चालू असेल तर प्लॅस्टरच्या आधी कंत्राटदाराला गाठा. इलेक्ट्रिशियन नेहमीचा एक इंची पाइप टाकेल, त्याच्या कोपऱ्यातून एचडीएमआयचं डोकं वळत नाही. टेबलापासून वरच्या खोलीपर्यंत दोन इंची पीव्हीसी पाइप मागा, काटकोनी एल्बो नको, लांब बेंड हवेत. आत नायलॉनची दोरी ओढून ठेवायला सांगा आणि पाइपाची दोन्ही तोंडं बंद करून घ्या, नाहीतर प्लॅस्टर करताना सिमेंट आत जातं.