टेबल आरक्षणाच्या दहा रुपयांपायी गेलेले साडेअडतीस हजार

गेल्या डिसेंबरातील एका शनिवारी आम्ही पाच मित्र वर्धमाननगरहून त्रिमूर्तीनगरला एका नव्या बर्गर रेस्टॉरंटमध्ये जायला निघालो. नागपूर शहराच्या पूर्व टोकाहून पश्चिमेकडे एवढ्या लांब जायचे आणि तिथे जागा मिळाली नाही तर सगळी संध्याकाळ वाया जायची, म्हणून टेबल आधी राखून ठेवण्याचे काम मी माझ्याकडे घेतले. माझ्या हातून जे घडले ते इतर कोणाच्या बाबतीत घडू नये, यासाठी सर्व तपशील लिहीत आहे.

मोबाइलवरील नकाशात रेस्टॉरंटचे नाव शोधले. छायाचित्रे खरी होती, पत्ता बरोबर होता, त्याखाली एक मोबाइल क्रमांकही होता. नकाशावरील अशा नोंदींत कोणीही बदल सुचवू शकतो आणि खोटा क्रमांक काही काळ तसाच दिसत राहू शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. फोन उचलणारा माणूस अतिशय अदबीने बोलला. किती जण आहात, एसीत बसणार की बाहेर, कोणाचा वाढदिवस आहे का, हे त्याने आपणहून विचारले. त्यानंतर म्हणाला, "सर, शनिवारची गर्दी आहे. फक्त दहा रुपये टोकन भरा, बिलातून वजा होतील." या शेवटच्या वाक्याने माझी उरलीसुरली शंकाही मिटली, कारण दहा रुपयांसाठी कोण कोणाला फसवणार, असेच मला वाटले.

आंबेडकर चौक स्थानकावरून मेट्रोत बसल्यावर त्याचा पुन्हा फोन आला. टोकन अजून आले नाही, टेबल दुसऱ्याला द्यावे लागेल, असे तो सांगू लागला आणि त्याने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. फाइलच्या नावात 'टेबल बुकिंग' असे शब्द होते आणि शेवटी 'एपीके' ही अक्षरे होती, म्हणजे ती अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल होती. ती उघडताच अनोळखी ठिकाणाहून आलेले ॲप धोकादायक ठरू शकते, अशी सूचना फोनने स्पष्टपणे दिली, पण पलीकडचा माणूस फोनवरच असल्याने घाईघाईत मी ती बाजूला सारली. मग त्या ॲपने संदेश वाचण्याची परवानगी मागितली. तीही मी दिली. पुढच्या पानावर डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक भरले. दहा रुपये काही गेले नाहीत, पान नुसते फिरत राहिले. "सर्व्हर स्लो आहे, तुम्ही या निवांत," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

ओटीपी मी कोणालाही सांगितला नाही. सांगण्याची गरजच उरली नव्हती, कारण संदेश वाचण्याची परवानगी मिळालेले ते ॲप माझ्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर त्याच्याकडे पोहोचवत होते. शंकरनगरच्या आसपास खिशातला फोन तीनदा वाजला, तरीही गप्पांच्या नादात मी तो बाहेर काढला नाही.

रेस्टॉरंटमध्ये आमच्या नावाने टेबल नव्हते. आरक्षण आम्ही घेतच नाही, असे काउंटरवरच्या मुलाने सांगितले तेव्हाही मला वाटले, यांचाच काहीतरी गोंधळ असेल. आम्ही जागेसाठी थांबलो, बर्गर मागवले, खाल्ले, आणि बिल देताना फोनवर 'पुरेशी शिल्लक नाही' असे दिसले. वीस हजार, पंधरा हजार आणि साडेतीन हजार अशा तीन व्यवहारांत एकूण ३८,५०० रुपये गेले होते. पहिला संदेश येऊन एक तास उलटला होता.

मी सुन्न होऊन बसलो. मित्रांना काय सांगायचे या लाजेपोटी आणखी दहा मिनिटे गप्प राहिलो आणि या दहा मिनिटांचे मला आजही सर्वाधिक वाईट वाटते. अखेर एका मित्राने माझा चेहरा पाहून सगळे काढून घेतले. त्याने आधी माझा फोन फ्लाइट मोडवर टाकला, स्वतःच्या फोनवरून मला बँकेशी जोडून देऊन कार्ड बंद करायला लावले आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लावला. व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ सांगितल्यावर तक्रारीचा पोचक्रमांक मिळाला. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने पुढे जात असतात, ते जिथे पोहोचले असतील तिथेच गोठवण्याचा प्रयत्न या व्यवस्थेतून होतो. माझे पंधरा हजार तसे अडकले आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाले. उरलेले २३,५०० तोवर काढले गेले होते.

बँकेकडे भरपाई मागितली तेव्हा रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक पुढे आले. खातेदाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्यालाच सोसावा लागतो, त्यानंतरचा मात्र बँकेवर येतो. म्हणजे कळवायला लावलेला प्रत्येक मिनिट माझ्याच खात्यावर मांडला गेला.

रेस्टॉरंटच्या मालकांशी मी नंतर बोललो. त्या आठवड्यात असा फटका बसलेला मी तिसरा ग्राहक होतो. त्यांनी नकाशावरील क्रमांकाची तक्रार केलेली होती, मात्र दारावर किंवा स्वतःच्या इन्स्टाग्राम पानावर एका ओळीची सूचनाही लावलेली नव्हती. त्यांचा यात काही दोष नसला, तरी पहिल्या ग्राहकानंतर एवढे करायला हवे होते, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी ते मनावर घेतले. आता काउंटरच्या मागे, दरपत्रकाच्या शेजारी, ठळक अक्षरांत लिहिले आहे: आम्ही टेबलासाठी आगाऊ पैसे घेत नाही आणि कोणतीही फाइल पाठवत नाही.