सोयापेंडीचं तरंगतं खाद्य, सहा महिन्यांनंतर: प्रोटीन पुरलं, फॉस्फरस नाही

फिशमील (वाळवलेल्या माशांची भुकटी) अजिबात नसलेलं, २८ टक्के प्रोटीनचं माशांचं खाद्य. तीन महिन्यांनी मत विचारलं असतं तर पाच तारे दिले असते. आज रोहूसाठी दोन, तिलापियासाठी चार.

आधी जमेच्या बाजू. गोळी पाण्यात टिकते, भुकटी कमी. सोया नीट शेकलेली आहे. ती कच्ची राहिली की प्रोटीनचं पचन रोखणारा ट्रिप्सिन इनहिबिटर शाबूत राहतो आणि प्रोटीन न पचता विष्ठेतून जातं. सोया किती शेकलीय ते दाखवणाऱ्या युरिएज चाचणीत पीएच ०.०५ ते ०.२० वाढला तर शेक बरोबर. वाढ जवळजवळ शून्य असेल तर बहुधा पेंड करपली आणि लायसिन (प्रोटीनमधलं एक गरजेचं अमिनो आम्ल) गेलं. सोयात कमी पडणारं मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल वरून घातलंय. खाद्य एकदम बदलू नका, मासे गोळी सोडून देतात. पाव हिस्सा नव्याचा घेऊन सुरुवात करा आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण बदला.

आता मूळ दुखणं. चौथ्या महिन्यापासून रोहूची वाढ मंदावली. चिरल्यावर आतड्याभोवती चरबीचा थर, कल्ल्यांवरची झाकणं मऊ, काहींचं कपाळ वेडंवाकडं. कंपनीच्या हेल्पलाइनचं उत्तर एकच: ‘प्रोटीन पूर्ण आहे ना?’ आहे हो, पण प्रोटीनबद्दल विचारलंय कोणी!

ही लक्षणं फॉस्फरस कमी पडल्याची. तो नसला की चरबी जाळायचं काम अडतं, ती पोटात साठते आणि हाडं कच्ची राहतात. पोत्यावर एकूण फॉस्फरस ०.९ टक्के लिहिलंय, म्हणजे किलोमागे ९ ग्रॅम. वनस्पतीतला सुमारे दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि माशांकडे तो सोडवायचं एन्झाइम जवळजवळ नसतंच. उरले ३ ग्रॅम. रोहूसारख्या कार्प जातीला वापरता येण्याजोगा ६ ते ७ ग्रॅम लागतो. अडकलेला भाग विष्ठेतून पाण्यात जातो, शेवाळ माजतं आणि पहाटे ऑक्सिजन पडतो. फायटेट जस्तही धरून ठेवतं, ते वेगळंच.

‘फायटेज घातलंय’, म्हणजे फायटेट फोडणारं एन्झाइम, असं पोत्यावर ठळक छापलंय. तेच एन्झाइम, तेच पोतं, तिलापिया ठणठणीत. कारण तिलापियाला आम्लाचं पोट आहे, रोहूला पोटच नाही. नेहमी मिळणारं फायटेज पीएच २.५ ते ५.५ च्या दरम्यान चालतं, रोहूच्या आतड्यात पीएच ७ च्या आसपास किंवा वर. बिचारं एन्झाइम तिथं नुसतं बसून राहतं. शिवाय ते गोळी बनवल्यावर फवारलेलं नसेल तर यंत्रातल्या उष्णतेनं आधीच मेलेलं असतं.

इथवर दोष सोयावर टाकला होता. तो अर्धा मागे घ्यावा लागतो. फिशमीलमधला फॉस्फरस बराचसा हाडांतला, आणि पोट नसलेल्या कार्पला तोही नीट विरघळवता येत नाही. खाद्यात वरून घालायच्या फॉस्फेटांपैकी डायकॅल्शियम फॉस्फेटमधला फॉस्फरस जेमतेम निम्मा लागू पडतो, मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधला नव्वद टक्क्यांहून जास्त. म्हणजे खोट वनस्पतीपेक्षा मिश्रणात आहे: कंपनीनं स्वस्तातलं डायकॅल्शियम वापरलंय, तेही चिमूटभर. तूट किमान ३ ग्रॅमची, मोनोकॅल्शियममध्ये फॉस्फरस साधारण २२ टक्के, म्हणजे किलोमागे १५ ग्रॅमनं काम झालं असतं. एवढ्यासाठी कंजूषपणा!

तळ्यावर ते तेलात कालवून गोळीला चोपडू नका. मोनोकॅल्शियम पाण्यात विरघळतं, माशाच्या तोंडात जाण्याआधी निघून जातं. गोळी बनवण्यापूर्वी मिश्रणातच हवं. घरी गोळी पाडणाऱ्यांना दुसरी वाट आहे: सोयापेंड ओली करून सायट्रिक आम्लानं पीएच ५ ते ५.५ वर आणायची, फायटेज मिसळून काही तास ऊबदार ठेवायची, मग वाळवायची. रोहूच्या बोटुकलीवरच्या प्रयोगांत ३ टक्के सायट्रिक आम्ल आणि किलोमागे ५०० युनिट फायटेज थेट खाद्यातूनही दिलंय, फायदा दिसलाय.

उरलेली पोती तिलापियाच्या तळ्यात जातील. रोहूसाठी पुढची खरेदी करण्याआधी विचारायचे प्रश्न दोनच: फॉस्फेट कुठलं, आणि किलोमागे किती ग्रॅम? उत्तरात पुन्हा ‘प्रोटीन’ ऐकू आलं तर फोन ठेवायचा.