घरी रंगीत रोल धुण्याची रसायनं: नागपूरचा एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यानंतर

सी-४१चं, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगीत निगेटिव्ह फिल्म धुण्याच्या प्रक्रियेचं किट घेताना बहुतेक जण खोक्यावर 'एका लिटरमध्ये इतके रोल' असा जो आकडा असतो, तो आधी वाचतात. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी वाचावा. आपल्याकडच्या हवेत रसायन रोल धुऊन संपायच्या आधी बाटलीत पडून खराब होतं. म्हणून त्यातला कोणता भाग किती नाजूक आहे ते समजून घ्यावं आणि मगच पैसे घालावेत. मी पावडरचं किट आणि द्रव किट अशी दोन्ही वापरली. आता मी द्रव किटच घेतो, तेही ब्लीच (फिल्मवरची काळी चांदी पुन्हा क्षारात बदलणारं) आणि फिक्सर (ते क्षार फिल्ममधून काढून टाकणारं) वेगळे असलेलं.

डेव्हलपरपासून, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनापासून सुरुवात करतो, कारण खरी काळजी तिथेच आहे. कोडॅकने १९७२ साली आणलेल्या या प्रक्रियेत डेव्हलपर ३७.८ अंशांवर ३ मिनिटं १५ सेकंद चालतो आणि तापमानात ०.१५ अंशाचीच सूट आहे. त्यात सीडी-४ नावाचं द्रव्य असतं. ते फिल्मवरच्या प्रकाश लागलेल्या चांदीच्या क्षारांवर काम करतं आणि ते करताना स्वतः ऑक्सिडाइज होतं. ऑक्सिडाइज झालेलं हे द्रव्य फिल्मच्या थरांतल्या द्रव्यांशी जुळतं आणि निळसर, किरमिजी व पिवळा रंग तयार होतो. हेच द्रव्य बाटलीतल्या हवेने आधीच ऑक्सिडाइज झालं, तर रंग घडवायला उरतंच कमी. तिन्ही थर सारख्या प्रमाणात मागे पडले असते तर स्कॅनरमध्ये सावरता आलं असतं, पण तसं होत नाही. सावल्यांना एक छटा येते, उजेडाच्या भागाला दुसरी, आणि एक सुधारायला गेलं की दुसरी बिघडते. डेव्हलपरने केलेलं नुकसान कशानेही भरून येत नाही.

ब्लीच आणि फिक्सरचं तसं नाही. त्यांना २४ ते ४१ अंशांपर्यंत काहीही चालतं. ते कमजोर पडले तर निगेटिव्हमध्ये चांदी उरते, रंग मळकट दिसतात, दाणा वाढतो. पण ती निगेटिव्ह ताज्या ब्लीच आणि फिक्सरमधून पुन्हा काढता येते, तीही भरदिवसा, दिवे लावून. त्यामुळे नवं आणि जपून ठेवलेलं असायला हवं ते डेव्हलपर. बाकीच्या बाटल्यांचा एवढा धसका घ्यायची गरज नाही.

पावडर किटची जमेची बाजू खरी आहे. कुरिअरने येताना सांडत नाही आणि बंद पाकिटात बराच काळ राहतं. नागपूरसारख्या ठिकाणी, जिथे हे सगळं बाहेरगावाहूनच मागवावं लागतं, तिथे हा मोठा फायदा आहे. पण पाकीट फोडलं की पूर्ण लिटर एकदम कालवावं लागतं. अर्धी पावडर मोजून घेता येत नाही, कारण पाकिटात सगळे घटक सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उघडं पाकीट ओल धरतं आणि त्याचे खडे होतात, तेव्हा कालवायच्या दिवसाआधी ते फोडूच नये. कालवताना पावडर उडते, म्हणून मास्क लावावा आणि काम गॅलरीत करावं. सीडी-४मुळे कातडीला ॲलर्जी येऊ शकते आणि ती एकदा आली की दर वेळी येते. नायट्राइलचे हातमोजे मी कधीच टाळत नाही.

माझं पावडर किट ब्लिक्सचं होतं, म्हणजे ब्लीच आणि फिक्सर एकाच बाटलीत. धुताना एक पायरी वाचते हे खरं. पण ही दोन रसायनं एकमेकांच्या मुळावर उठलेली आहेत. ब्लीचमधलं लोहाचं संयुग ऑक्सिडायझर आहे आणि फिक्सरमधल्या सल्फाइट-थायोसल्फेटला ते हळूहळू खात राहतं. उन्हाळ्यात हा वेग वाढतो. दहा अंश चढले की अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ढोबळ हिशोब आहे. मेमध्ये इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि कूलर बंद असलेल्या खोलीतलं कपाट भट्टीसारखं तापतं. माझ्या ब्लिक्सच्या तळाशी गंधकाचा फिकट गाळ बसू लागला आणि रोल साफ व्हायला जास्त वेळ लागायला लागला. तेव्हापासून ब्लिक्स बंद. बेलिनी या इटालियन कंपनीच्या किटमध्ये ब्लीच आणि फिक्सर वेगळे येतात आणि मला ही रचना आपल्या हवेसाठी योग्य वाटते. पायऱ्या वाढतात, मूळ वेळापत्रकाप्रमाणे ब्लीचला साडेसहा मिनिटं, फिक्सरला साडेसहा आणि प्रत्येकानंतर धुणं. मला तो वेळ खटकत नाही.

बाटल्यांबाबत डेव्हलपर आणि ब्लीचचा स्वभाव अगदी उलटा आहे, आणि किटसोबतच्या कागदावर हे क्वचितच नीट लिहिलेलं असतं. डेव्हलपरला हवा म्हणजे विष, तर ब्लीचला हवा लागली तर ते उलट ताजंतवानं होतं. ब्लीचची बाटली अर्धी रिकामी असली तरी मी काळजी करत नाही. डेव्हलपर मात्र तपकिरी काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरतो. पॅटरसन कंपनीच्या फिल्म धुण्याच्या टँकमध्ये ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिली लागतं, म्हणून मी ३०० मिलीच्या बाटल्या घेतल्या. एका लिटरमध्ये तीन बाटल्या भरतात आणि उरलेलं शंभर मिली एका छोट्या बाटलीत जातं. एक बाटली काढायची, तिच्यात ओळीने काही रोल धुवायचे, दर रोलमागे वेळ दोन टक्क्यांनी वाढवायचा आणि मग ती टाकून द्यायची. तोवर बाकीच्या बाटल्यांचं बूच उघडलेलंही नसतं. रोलबरोबर थोडं द्रावण जातंच, ती घट छोट्या बाटलीतून भरायची किंवा आत काचेच्या स्वच्छ गोट्या सोडायच्या. घड्या पडणाऱ्या अकॉर्डियन बाटल्या मला पटल्या नाहीत. घड्यांत रसायन अडकतं आणि त्या साध्या पॉलिथिनमधून हवा आत येतच राहते. काच शक्य नसेल तर पेट (पीईटी) प्लास्टिकची बाटली त्यातल्या त्यात बरी. मात्र कोल्ड्रिंकची बाटली घरात लहान मूल असेल तर अजिबात वापरू नये, मग लेबल कितीही मोठं चिकटवा.

पाणी डिस्टिल्डच घ्यावं, निदान डेव्हलपर आणि स्टॅबिलायझरसाठी (फिल्म वाळत घालण्याआधीचं शेवटचं द्रावण). इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं, फक्त कॅनवर ॲसिड मिसळलेलं नाही ना ते बघावं. पाणी एकदा उकळून झाकून थंड केलं तर त्यात विरघळलेला ऑक्सिजनही बराच जातो.

फ्रिजचा मोह बऱ्याच जणांना होतो. तयार रसायनं मी फ्रिजमध्ये ठेवत नाही. थंडीत कॉन्सन्ट्रेटमधून (पाणी न घातलेल्या मूळ दाट द्रावणातून) स्फटिक खाली बसतात आणि ते पूर्ण विरघळल्याशिवाय माप खरं धरता येत नाही. शिवाय जिथे दूध-भाजी असते तिथे ही बाटली नकोच. उन्हाळ्यात मी बाटल्या पाण्याच्या टबात ठेवून वर ओलं गोणपाट टाकतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत माठ जसा गार राहतो त्याच न्यायाने टब खोलीपेक्षा बराच गार राहतो. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही, पण तेव्हा गरजही तेवढी नसते. फ्रिजमध्ये जागा द्यायची ती फोटो काढून झालेल्या, पण अजून न धुतलेल्या रोलना. घट्ट बंद पिशवीत ते महिनोन्‌महिने नीट राहतात, त्या मानाने कालवलेलं डेव्हलपर फारच अल्पायुषी. म्हणून मी रोल साठू देतो, पुरेसे झाले की डेव्हलपर कालवतो आणि ओळीने धुऊन काढतो. पिशवी उघडण्यापूर्वी रोल खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

डेव्हलपर जिवंत आहे का ते बघायला ताजं असतानाच फिल्मच्या सुरुवातीचा उजेड लागलेला तुकडा त्यात पूर्ण वेळ बुडवून, धुऊन, फिक्सरमधून काढून जपून ठेवतो. नंतर तसाच दुसरा तुकडा काढून त्याच्याशी ताडायचा. काळेपणा कमी पडला तर त्या बाटलीत रोल घालायचा नाही. रंगाचा समतोल यातून कळत नाही, पण मेलेलं डेव्हलपर नक्की ओळखता येतं. द्रावण चहासारखं गडद झालं असेल तर परीक्षेचीही गरज नाही. ब्लीचचे दोन-चार थेंब डेव्हलपरमध्ये गेले तरी घात होतो, तेव्हा दोन्हींची नरसाळी, मापं आणि झाकणं वेगळ्या रंगांची ठेवावीत. सिनेमाची रेमजेट थर असलेली फिल्म या बाटल्यांत घालू नये. तो काळा थर सुटून सगळं द्रावण गढूळ करतो.

वापरून संपलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. ते विहिरीत, सेप्टिक टँकमध्ये किंवा झाडांना घालू नका. त्यात साधं लोखंडी स्टील वूल काही दिवस बुडवून ठेवलं की लोखंड विरघळतं आणि चांदी गाळ होऊन खाली बसते. स्टेनलेसच्या घासणीने हे होत नाही.

नव्याने घेणाऱ्याला मी एवढंच सांगेन: महिन्याला एखादा रोल होत असेल तर द्रव किट घ्या आणि सिरिंजने लागेल तेवढंच कालवा. उरलेल्या कॉन्सन्ट्रेटच्या बाटल्यांतली हवा जमेल तेवढी दाबून काढा आणि झाकण घट्ट लावा. सीडी-४चा भाग आम्लधर्मी द्रावणात वेगळा येतो, त्यामुळे तो कालवलेल्या डेव्हलपरपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. सहलीहून एकदम दहा-बारा रोल आणत असाल तर पावडर चालेल, तेवढ्यात ती संपतेही. ऑर्डर मात्र एप्रिल-मेमध्ये देऊ नका. गोदामात आणि ट्रकमध्ये पार्सल किती तापलं ते आपल्याला कळत नाही. मी माझं किट पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मागवतो.