गोठ्यातला ऑटोमॅटिक पाण्याचा बाऊल, घ्यावा का?

राजापूरकडे गोठा आहे आमचा, कोकण कपिला (कोकणातली देशी गाय) आणि एक जर्सी क्रॉस, म्हणजे संकरित गाय. दोन गुरांच्या मध्ये एक असे फ्लोटवाले (पाण्यावर तरंगणारा, पाणी चालू-बंद करणारा गोळा असलेले) बाऊल बसवलेत, खूपच कामाची वस्तू. आधी सकाळ-संध्याकाळ बादलीने पाणी दाखवायचो, आता गुरं वाटेल तेव्हा पितात, रात्री रवंथ करता करता उठून पण पितात, तोंड लावलं की फ्लोट खाली जातो नि सुर्रकन पाणी येतं. दुधातच ८७ टक्के पाणी मग पाणीच कमी पडलं तर दूध येणार कुठनं, मे महिन्याच्या उकाड्यात चांगल्या दुभत्या क्रॉस गाईला दिवसाला ८०-१०० लिटर पण लागू शकतं.

लोखंडी अजिबात घेऊ नका, खाऱ्या हवेत गंजतो, स्टीलचा बघा. टाकी उंचावर हवी, गाय भराभर पिते आणि धार बारीक असली की कंटाळून तोंड फिरवते बिचारी. टाकीवर झावळ्या टाका नाहीतर पाणी कढत होतं. खाली बूच असलेलाच घ्या, शेवाळ धरतं, वैरणीचा चोथा पडतो, रोज घासायलाच लागतं.

तक्रार एकच, फ्लोटचा वॉशर लवकर गेला आणि सुटा कुठे मिळेना, दुकानदार म्हणे अख्खा बाऊल घ्या! घेतानाच दोन-चार वॉशर जास्तीचे मागून घ्या.